पायलोनायडल सायनसची उघडी जखम सहाव्या आठवड्यात अडकली आहे; चालणं-व्यायाम चालू ठेवावा का?

केळीबाग_चोपडा

राम राम मंडळी. धाकट्या भावाचं (वय २४, वजन ६२ किलो) माकडहाडावरच्या पायलोनायडल सायनसचं (कुल्ल्यांच्या फटीत केस रुतून कातडीखाली होणारी पोकळी) ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. टाके घातलेले नाहीत, जखम उघडी ठेवून तळातून भरू द्यायची असं ठरलं होतं. सुरुवातीला ७ सेंमी लांब आणि ३ सेंमी खोल होती. चौथ्या आठवड्यापर्यंत ४ सेंमी लांब, दीड सेंमी खोल इथवर आली आणि तिथेच थांबली. गेल्या पंधरा दिवसांत काडीचा फरक नाही. ताप नाही, घाण वास नाही, थोडी पिवळसर लस येते.

ड्रेसिंग मीच करतो, दिवसातून एकदा. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस येऊ द्यायचा, मग बीटाडीन, मग कोरडा गॉज घट्ट दाबून भरायचा आणि वरून अँटिबायोटिक पावडर. हिमोग्लोबिन १०.१ आहे, साखर नॉर्मल. आईचं एकच म्हणणं, "दाय खादी का पू व्हस", म्हणून डाळ, अंडी, लिंबू सगळं बंद आहे.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. पडून राहायला तयार नाही. सकाळी बांधावरून चार किलोमीटर चालतो, दुपारी तासभर ट्रॅक्टरवर बसतो. चालणं बंद करायला लावू का? इकडे मे महिन्याचं ऊन कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ड्रेसिंग_सिस्टर_भुसावळ

दादा, चालण्याचं नंतर बघू. आधी ड्रेसिंग बदला, कारण जखम तिथेच अडलेली दिसते.

हायड्रोजन पेरॉक्साइड आजपासून बंद. फेस आला की जखम साफ झाली असं वाटतं, पण तो जंतूंबरोबर नवीन मांस विणणाऱ्या पेशीही मारतो. रोज पेरलेलं रोज उपटल्यासारखं होतं. बीटाडीनही स्वच्छ, लाल दाणेदार जखमेत रोज नको. जंतुसंसर्ग असेल तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढे दिवस वापरायचं. पावडर तर टाकूच नका. खोल जखमेत लस आणि पावडर मिळून लगदा होतो, तो तळाशी चिकटतो आणि पुढच्या वेळी खरवडून काढावा लागतो.

धुण्यासाठी सलाईनची बाटली आणा. नसेल तर पाव लिटर पाण्यात सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याला किंचित कमी मीठ घालून दहा मिनिटं उकळा, झाकून कोमट होऊ द्या, त्याच दिवशी संपवा. २० मिलीची सिरिंज सुईशिवाय घेऊन तळापासून बाहेर अशी धार मारा, चार-पाच वेळा. चोळायचं नाही.

आता पॅकिंग. तुमच्या वर्णनात सगळ्यात जास्त खटकलं ते "घट्ट दाबून". दाबून भरलेला गॉज आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतो आणि जखमेला आकसायला जागाच ठेवत नाही. कोरडा गॉज सुकून मांसाला चिकटतो; ओढून काढला की तळाला लाल ठिपके उमटतात. ते ठिपके म्हणजे कालपर्यंत तयार झालेलं मांस. म्हणून गॉज सलाईनमध्ये भिजवून पिळून घ्या, पाणी टपकता कामा नये. तळापर्यंत सैल सोडा, कोपरा बाहेर ठेवा. शक्यतो एकच लांब पट्टी वापरा. दोन तुकडे घातले तर दोन घातले हे लिहून ठेवा, कारण आत विसरलेला तुकडा हेही जखम न भरण्याचं एक कारण असतं. परवडत असेल तर अल्जिनेटची रिबन विचारा. ती लस शोषून जेलसारखी होते, चिकटत नाही, लस कमी असेल तर एक दिवसाआड बदलली तरी चालते. वरून कोरडा गॉज आणि कागदी चिकटपट्टी.

काढताना चिकटलंच तर सलाईन ओतून पाच मिनिटं थांबा. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी.

आणि केस! या आजाराचं मूळच केसात आहे. जखमेभोवती चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जागा दर आठ दिवसांनी साफ करा. आधी जखमेवर ओला गॉज ठेवा, ट्रिमर बाहेरच्या दिशेला चालवा, मग पाण्याने धुऊन कापलेले केस घालवा. डोक्याचे केस कापून आला तर आधी अंघोळ, मग ड्रेसिंग. मानेवरून ओघळलेला बारीक केस पाठीवरून सरकत नेमका त्या फटीत जाऊन बसतो. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजू बोटांनी अलगद फाकवून रोज तळ बघा. एक केस दिसला तरी सलाईनच्या धारेने किंवा उकळलेल्या चिमट्याने काढा.

दर रविवारी लांबी, रुंदी, खोली वहीत लिहा. खोली निर्जंतुक कापसाच्या काडीने मोजायची. शेजारी पट्टी धरून त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही.

फिजिओ_नंदुरबार

सिस्टरांनी ड्रेसिंगचं नीट सांगितलंय. हालचालीचं मी सांगतो.

चालणं बंद करू नका. रक्ताभिसरण, भूक, झोप, शौचाला साफ होणं हे सगळं चालण्यावर आहे. बंद करायचं आहे ते ट्रॅक्टर, आजच्या आज. दुसऱ्या महायुद्धात जीपच्या कडक सीटवर आदळत फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हा आजार इतका वाढला की त्याला 'जीपचा आजार' म्हणू लागले. ट्रॅक्टरची सीट वेगळं काही करत नाही: माकडहाडावर दाब, सतत हादरे, खाली घाम. मोटरसायकल आणि सायकलही त्यातच आली.

नियम सोपा आहे. कंबरेत काटकोनाहून जास्त वाकलं की कुल्ल्यांमधली कातडी ताणली जाते आणि जखमेचे काठ एकमेकांपासून दूर ओढले जातात. उकिडवं बसणं, बैठका, खाली वाकून वजन उचलणं, मांडी घालून जेवायला बसणं, सगळ्यात हेच होतं. दुसरा त्रास घासण्याचा. लांब टांगा टाकत किंवा ढेकळांतून चाललं की उजवा-डावा कुल्ला एकमेकांवर सरकतो. बांधावरून चालणं म्हणूनच नको. डांबरी रस्त्यावर किंवा शाळेच्या सपाट मैदानावर, छोट्या पावलांनी.

चार किलोमीटर एकदम नको. सकाळी साडेपाचला २० मिनिटं, संध्याकाळी सातनंतर २० मिनिटं. परत आल्यावर बाहेरचा गॉज बघा. ताजं लाल रक्त दिसलं किंवा ठणका दुसऱ्या सकाळपर्यंत राहिला तर वेळ निम्मी करा. दोन्ही नसेल तर दर चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवा, ४० मिनिटांपर्यंत.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, तेव्हा घाम हा जखमेचा खरा वैरी. काठाची कातडी बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त होते आहे असं समजा. चालून आल्यावर ड्रेसिंग बदलायचंच, अर्धा तास "वाळू दे" म्हणून थांबायचं नाही. चड्डी सुती आणि सैल. भरतीवाल्या मुलांची ती नायलॉनची घट्ट शॉर्ट्स सध्या पेटीत ठेवा.

तयारी पूर्ण बुडत नाही. उभ्याने रबरी पट्ट्याने खांदे, दंड, पाठ. भिंतीला हात टेकून जोर. पालथं झोपून छाती थोडी उचलणं. उभ्याने टाचा उचलणं, १५ च्या तीन फेऱ्या. श्वास रोखून कुंथायचं नाही. धावणं आणि ७.२६ किलोचा गोळा जखम पूर्ण बुजेपर्यंत नाही. बुजल्यावरही लगेच नाही: भरलेल्या कातडीला तिसऱ्या आठवड्यात मूळ ताकदीच्या पाव हिश्श्याच्या आसपासच बळ असतं, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या जवळ जातं, पूर्वीइतकं कधीच होत नाही. म्हणून बुजल्यावर दोन आठवडे भरभर चालणं, चौथ्या आठवड्यापासून हळू धावणं, आणि १०० मीटरचा झपाटा, गोळा, बैठका दोन-तीन महिन्यांनी, सर्जनने बघून हो म्हटल्यावर.

आहार_जळगाव

आईंना सांगा, डाळीने पू होत नाही. पू जंतूंनी होतो. जखमेचं मांस प्रथिनांपासून बनतं, आणि तुम्ही नेमकी तीच बंद केली आहेत. उघड्या जखमेसाठी रोज किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं धरतात. ६२ किलोला साधारण ७८ ते ९३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वेगळं काही आणायला नको. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६. दोन वेळा घट्ट वरण, मिळून ६० ग्रॅम कोरडी तूरडाळ, १३. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, १५. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, ७. आणि भाकरी कळण्याची करा. ज्वारीत उडीद दळलेला असतो, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा प्रथिनं वाढतात आणि दोन धान्यांची जोडी शरीराला जास्त उपयोगी पडते. अशा चार भाकऱ्यांत २० ते २५ ग्रॅम सहज येतात. पोटभर खाल्लं पाहिजे हेही तितकंच खरं. भाकरी कमी पडली तर शरीर प्रथिनं इंधन म्हणून जाळतं.

लिंबू परत सुरू करा. क जीवनसत्त्वाशिवाय मांसाचे धागे नीट विणले जात नाहीत. रोज एक लिंबू आणि एक पेरू किंवा आवळा पुरे. आंबटाने जखम चिघळत नाही. जेवणानंतर तासभर चहा नको, लोह शोषलं जात नाही, आणि १०.१ हिमोग्लोबिनला ते परवडणारं नाही. भरीत, शेवभाजी बंद नाही, फक्त मिरचीचा हात आखडा, कारण शौचाच्या वेळी आग झाली की मुलगा जायचं टाळतो आणि मग खडा होतो. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेल्यातल्या पाण्यात. शौचानंतर मगाने किंवा हँडशॉवरने भरपूर पाणी, पुढून मागे हात न्यायचा नाही. जखम वर आहे, घाण तिकडे जाते.

तंबाखू-चुना असेल तर त्याबद्दल स्पष्ट बोलतो. धूर नसला तरी निकोटीन रक्तात जातंच, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि जखमेच्या तळाला प्राणवायू कमी पडतो. तो चालू असेल तर वरचा सगळा हिशोब अर्धा वाया जातो.

शल्य_धुळे

उघडी ठेवलेली जखम भरायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचं आहे. सहा आठवडे ही काळजी नाही, दोन आठवडे माप न हलणं ही आहे. ड्रेसिंग बदलूनही आणखी दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या सर्जनना दाखवा. ते या गोष्टी बघतील: वरची कातडी पुलासारखी जुळून खाली पोकळी राहिली आहे का, सायनसची एखादी नळी ऑपरेशनमध्ये काढायची राहून गेली आहे का, मांस काठाच्या वर फुगून आलं आहे का (हात लावताच रक्त येतं, सिल्व्हर नायट्रेटने बसवता येतं). काठ आतून पोखरलेले असतील तर तुकडा काढून क्षयरोगासाठी तपासणं आपल्याकडे आवश्यक आहे. नुसत्या स्वॅबमध्ये (जखमेतून काडीने घेतलेल्या नमुन्यात) जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका. उघड्या जखमेत जंतू दिसतातच. गरज पडली तर फ्लॅपचं ऑपरेशन (शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं) करून टाक्यांची रेघ मधोमध न ठेवता बाजूला नेतात, त्याने पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं.

२४ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन १०.१ हे तसंच सोडून देऊ नका. पुरुषाला १३ तरी हवं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, लोह तपासा. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून चोपडा-यावलपर्यंत, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आढळतो. त्यासाठीची सॉल्युबिलिटी चाचणी आरोग्य केंद्रात विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही बघून घ्या, शेतातलं घर आहे.

३८ अंशांच्या वर ताप, पसरणारी लाली, वाढत जाणारा ठणका, घाण वासाचा पू, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त: यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

केळीबाग_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पेरॉक्साइडची बाटली आत्ताच बाजूला काढली. आईला डाळीचं वाचून दाखवलं, वरण टाकलं आहे तिने. तंबाखू तो खातो, बोलतो त्याच्याशी. एकच विचारायचं राहिलं. गुरुवारी जळगावला दाखवायला न्यायचं आहे. एसटीने दीड-दोन तास बसून जाणं चालेल का?

फिजिओ_नंदुरबार

बसून नको. ओळखीतल्या कोणाची गाडी मिळाली तर मागच्या सीटवर कुशीवर झोपवून न्या, गुडघे पोटाशी न घेता. एसटीच असेल तर मागची, चाकावरची सीट टाळा, एका मांडीवर भार देऊन तिरका बसवा, दर २० मिनिटांनी बाजू बदला किंवा उभं करा. मधे भोक असलेली रिंगची उशी घेऊ नका, तिच्यामुळे कुल्ले फाकतात आणि जखम ताणली जाते. पिशवीत सलाईन, दोन गॉज आणि चिकटपट्टी ठेवा. उतरल्यावर घामाने ओलं झालेलं ड्रेसिंग दवाखान्यातच बदलून मागा.

ड्रेसिंग_सिस्टर_भुसावळ

आणि वही न्या, दादा. मापं आणि फोटो दाखवले की डॉक्टरांना जखम नेमकी कधी थांबली ते लगेच कळेल.