अनुभव धागा : 'तुमचं टेबल कोणतं?'

परवा लेकीला शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. "तू नेमकं काय करतेस गं?" मी म्हटलं, लिही लिपिक. पण त्याच दिवशी मी सकाळी बारनिशीत (आवक-जावकच्या वहीत) टपाल चढवलं होतं, दोन बोनाफाईड काढले होते, अभ्यास मंडळाच्या बैठकीला आलेल्या सरांचं टीए-डीए बिल भरलं होतं (टोलची पावती सरांनी नेहमीप्रमाणे हरवलेली) आणि दुपारी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद भुवयांच्या चिमट्याने ओढून काढला होता. चिमटा माझाच. आता तो ड्रॉवरमध्येच असतो.

खानदेशात विद्यापीठाच्या नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्यांनो, तुमच्या वाट्याला काय काय येतं ते लिहा. कुरकुर चालेल, ऑफिसचं नाव मात्र नको.

जळगाव, निवृत्त

माझं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेलं : पदवी कुणाची? १९९० च्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आता १९८४ ला बीकॉम झालेले काका मे महिन्याच्या उन्हात गिरणेचा पूल ओलांडून डुप्लिकेट पदवी मागायला येत. मी सांगायचो, "काका, तुमची पदवी पुण्याची." ते म्हणायचे, "अरे, मी जळगाव सोडून कुठे गेलोच नाही!" तेही खरंच. आधी पाणी द्यायचं, मग पुण्याला अर्ज कसा करायचा ते कागदावर लिहून द्यायचं. परदेशी निघालेल्या पोरांचं वेगळं. पदवीवर जुनं नाव, बाकी सगळीकडे नवं. दोन्ही विद्यापीठं एकच, हे तिकडच्यांना पटवायचं. त्या पत्राचा मसुदा मला अजून झोपेत म्हणता येईल.

चोपडा

आमच्याकडे वर्गात 'पाटील' अशी हाक मारली तर अर्धा वर्ग उभा राहतो. एका वर्षी दोन मुलांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही तंतोतंत सारखं. एकाचा परीक्षा फॉर्म मी दुसऱ्याच्या पीआरएनवर (कायम नोंदणी क्रमांकावर) चढवला. चूक माझीच, आणि कळली ती हॉल तिकीट वाटायच्या आदल्या संध्याकाळी. सगळे घरी गेलेले. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघत बसले तेव्हा आईच्या नावाचा रकाना दिसला. तिथे दोन वेगळ्या बायका होत्या, देवासारख्या. तेव्हापासून मी फॉर्म आईपासून वाचायला घेते, बाकीचे नंतर.

नंदुरबार

शिष्यवृत्तीचं टेबल. शेवटच्या तारखेला धडगावहून पहिल्या गाडीने एक मुलगी वडिलांना घेऊन आली. जातीचा दाखला घरी पेटीत राहिलेला. वडील फक्त पावरी बोलणारे आणि मला अहिराणीच्या पुढे काही येत नाही. आमचा शिपाई पावरा समाजाचा आहे, तोच दुभाषा (जॉब चार्टमध्ये हे काम कुणाच्याच नावावर नाही). मुलीच्या भावाला फोन लावला तर पाड्यावर रेंज नाही. सहाव्या-सातव्यांदा लागला. तो पेटीतला दाखला घेऊन टेकडीवर चढला आणि तिथून फोटो पाठवला. फोटोत दाखला अर्धा, अंगठा अर्धा. पुन्हा पाठवायला लावला. तोवर महाडीबीटीचं, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल गोल गोल फिरतंय. फॉर्म गेला तेव्हा ऑफिसची वेळ कधीच संपली होती आणि त्यांची परतीची गाडीही. रात्री ते शिपायाच्या घरी राहिले.

धुळे

परीक्षेचं काम. गठ्ठे उचलून कंबर गेली. बाकी गोपनीय.

भुसावळ

आमच्याकडे बाहेरून समिती आली होती. सहा महिने फायली लावल्या, डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंदलेली २० वर्षांपूर्वीची एक खुर्ची सापडत नव्हती ती गच्चीवर शोधली. ते सगळं बाजूला राहिलं. समितीतल्या मॅडमना भरीत खायचं होतं! डिसेंबर होता म्हणून बरं. मी, ग्रंथालयाचे भाऊ आणि दोन शिपाई एका प्राध्यापकांच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. समिती खूश.

मग बिल. मी टिपणीत लिहिलं 'अल्पोपाहार'. लेखा विभागाने शेरा मारला : अल्पोपाहारास १२ किलो वांगी? दुसऱ्यांदा 'भोजन' लिहिलं, तर भोजनाला पूर्वमंजुरी लागते म्हणून नस्ती (फाईल) परत. शेवटी वर्गणी काढली. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनीही दिली, ते अजून बोलून दाखवतात.

धागाकर्ती

चोपडेकर ताई, तुमचं ऐकून आज फॉर्म आईपासून वाचले. २३ फॉर्ममध्ये एक घोळ सापडला. नंदुरबारकर दादा, त्या मुलीचे पैसे जमा झाले का?

आणि भुसावळकर, त्या दोन्ही टिपण्या शेऱ्यांसकट पाठवा. आमच्याकडे जानेवारीत समिती येतेय, आणि साहेबांनी आत्ताच विचारलंय, वांगी बामणोदची आणायची का म्हणून.