मदत हवी आहे: गर्भाशयात गाठ, डॉक्टर म्हणतात पिशवी काढा

रानजाई: लवकर सांगा प्लीज, शनिवारपर्यंत कळवायचंय. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. डॉक्टर म्हणाल्या पिशवी काढा, कटकट मिटेल. सासूबाई म्हणतात अजिबात काढू नको. काढू की नको?

गवतीचहा: वय? मुलं? गाठ केवढी, कुठे? काहीच लिहिलं नाहीये, कसं सांगणार!

सुटले_एकदाची: काढा हो बिनधास्त. मी 46व्या वर्षी काढली. पंधरा वर्षांनी पांढरी सलवार घातली! पाचव्या दिवशी पोळ्या लाटत होते.

गवतीचहा: पाचव्या दिवशी? मला तर सहा आठवडे कळशीसुद्धा उचलू नका म्हणाले असते. लोकांना असलं सांगू नका.

रानजाई: वय 43, मुलगा दहावीत. गाठ साडेतीन सेंटिमीटर. आता सांगा.

काढेवाला: कांचनार गुग्गुळ घ्या, तीन महिने. मावशीची गाठ विरघळली.

तिरकस: मावशीचं वय काय? पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं आणि गाठ आपली आपणच आकसते. श्रेय गुग्गुळाला.

काढेवाला: तुम्हाला कापाकापीशिवाय काही सुचत नाही.

रानजाई: अहो भांडू नका. पहिले तीन दिवस तासाला पॅड बदलावा लागतो, गुठळ्या जातात. ऑफिसात खुर्चीवर काळी ओढणी चौपदरी घालून बसते. परवा डोंबिवलीचा जिना चढताना दोनदा थांबले.

गवतीचहा: हे आधी लिहायचं ना! एचबी किती?

रानजाई: 7.1. गोळ्या चालू आहेत, सकाळी चहाबरोबर घेते.

गवतीचहा: 12 तरी हवं बाई! आणि चहाबरोबर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शिरेतून लोह देतात, ते विचारा. चक्कर, धडधड, धाप असेल तर शनिवारची वाट बघू नका, आजच जा.

हळीवलाडू: माझ्या लेकीने साखर बंद केली, तीन महिन्यांत पाळी नियमित. पीसीओडीला घाबरू नका.

तिरकस: काकू, पीसीओडी बीजांडकोशाचं. ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ आहे.

उसाचामळा: पिशवी काढा म्हणणं सोपं असतं. आमच्या बीडला ऊसतोडीच्या बायकांचं काय झालं? 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत 13 हजारांवर बायका निघाल्या पिशवी काढलेल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून.

सुटले_एकदाची: म्हणजे माझी काय मुकादमाने काढली? मला गरज होती. उगाच सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

रानजाई: रिपोर्ट सापडला, गॅसच्या पुस्तकात होता. ‘सबम्युकोसल’ लिहिलंय.

गवतीचहा: हेच तर विचारत होते! म्हणजे गाठ आतल्या पोकळीत डोकावतेय, म्हणून एवढं अंगावरून जातंय. माझी 7 सेंटिमीटरची आहे, पण बाहेरच्या बाजूला. आठ वर्षं नांदतेय, पाळीला त्रास शून्य, फक्त लघवीला सारखं उठावं लागतं. तुमची कदाचित खालूनच दुर्बीण घालून निघेल, पोटावर टाका नाही, पिशवी जागेवर. पण स्नायूत किती रुतलीये त्यावर आहे. ‘हिस्टेरोस्कोपीने निघेल का’ असंच विचारा. या वयात अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, तेही विचारा. आणि पिशवी काढायचीच ठरली तर बीजांडकोश ठेवणार का, हे सही करण्याआधी.

सुटले_एकदाची: पुन्हा गाठ आली म्हणजे? मग दुसऱ्यांदा टेबलावर.

गवतीचहा: येऊ शकते. ते त्यांना ठरवू दे.

रानजाई: दुसऱ्या डॉक्टरांकडे उद्याचाच नंबर लावलाय. सासूबाई येते म्हणाल्या. त्यांची पिशवी 38व्या वर्षी काढली होती, हे आज कळलं मला. लग्नाला 19 वर्षं झाली.

काढेवाला: निदान पथ्य तरी पाळा. वांगं बंद.

नवीनसभासद: हळिवाच्या लाडवात गूळ किती घालायचा? @हळीवलाडू