मदत हवी आहे: सावत्र मुलाचं वागणं हाताबाहेर चाललंय

नमस्कार, आम्ही नाशिकला असतो. मिस्टरांचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत. त्याची आई आजारपणात गेली तेव्हा तो अगदी लहान होता. मला तो नावाने हाक मारतो, त्याचं काही नाही, पण आता धाकट्या बहिणीला मारणं, पैसे चोरणं, रागात वस्तू फोडणं सुरू झालंय आणि मागच्या आठवड्यात त्याने गॅलरीत जुने कपडे पेटवले, तेव्हापासून मला रात्री झोप नाही. मी जरा आवाज चढवला की सासूबाई म्हणतात सावत्र ती सावत्रच, आणि हे म्हणतात मोठा झाला की सुधारेल.

१४४१६ वर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन केला, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच म्हणाल्या.

शाळावाले त्याचा दाखला काढून घेऊन जा म्हणतायत. पण आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही ना? हे शाळेला लेखी कसं द्यायचं?

नाशिकमध्ये लहान मुलांचे चांगले मानसोपचारतज्ज्ञ कोणी सुचवाल का, की मुंबईला केईएमलाच न्यावं? एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) तपासणी करून घ्यावी का? औषधं लगेच सुरू करतात का आधी समुपदेशन? आणि मुख्य म्हणजे ह्यांना सोबत यायला कसं तयार करू? पोरगं मनाने वाईट नाहीये हो, बहीण आजारी असली की तिच्या उशाशी बसून राहतो. कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.