शब्दचर्चा : कल्पित जगाच्या पंचांगात ‘आठवडा’ आणि ‘तिथी’ हे शब्द चालतील का?

प्रश्न

मी मराठीत एक कल्पनारम्य कादंबरी लिहीत असून तिच्यातील जगाची कालगणना आखताना शब्दांपाशी अडलो आहे. त्या जगाचे वर्ष ४०० दिवसांचे आहे आणि आकाशात दोन चंद्र आहेत. थोरल्या चंद्राच्या एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत ३६ दिवस जातात, तर धाकट्याच्या १०. दर १८० दिवसांनी दोन्ही चंद्र एकाच रात्री पूर्ण भरतात आणि त्या रात्री तिथे मोठा सण असतो. कथा मात्र दोन्ही चंद्र लोपलेल्या, ठार काळोख्या रात्री सुरू होते. दहा दिवसांच्या कालखंडाला, महिन्याला, वाढीव महिन्याला आणि त्या सणाच्या रात्रीला काय म्हणावे? सगळेच शब्द नव्याने घडवले तर वाचक दमेल आणि आपलेच शब्द वापरले तर ते जग परके वाटणार नाही, अशी माझी अडचण आहे.

पहिला प्रतिसाद

प्रत्येक शब्दाच्या पोटात एखादे गणित किंवा एखादा तारा असतो. तो अजून बोलतो आहे की झिजून गप्प झाला आहे, एवढे पाहून निवड करावी, असे मला वाटते. ‘महिना’ हा फारसीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी चंद्रच आहे, परंतु जून महिना म्हणताना आपल्याला चंद्र आठवत नाही, त्यामुळे तो शब्द कुठल्याही जगात खपेल. ‘वार’ म्हणजे मुळात पाळी, खेप. ‘वारंवार’मध्ये तोच अर्थ शिल्लक आहे. म्हणून वार ठेवावेत, पण सोम, मंगळ, बुध ही नावे घेऊ नयेत, कारण तिथे आपले ग्रह डोकावतात. ‘चैत्र’ तर मुळीच चालणार नाही. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र. तुमच्या आकाशात चित्राच नसेल तर चैत्र कुठून येणार?

‘आठवडा’ या शब्दाची गंमत अशी की त्याचे गणित आपल्याकडेच जुळत नाही. दिवस सात आणि नाव आठाचे. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजले की आठ भरतात, असा त्याचा उलगडा सांगतात. ‘आठ दिवसांनी या’ असे सांगणाऱ्या शिंप्याकडे आपण सातव्या दिवशी, त्याच वारी जातो (आणि कपडे तयार नसतात, ती गोष्ट वेगळी). तरीही दहा दिवसांना आठवडा म्हटले तर वाचक अडखळेल, कारण ‘आठ’ उघड ऐकू येतो. ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ या दोघांतही सात आहेत, तेव्हा तेही बाद.

मग संस्कृतातून ‘दशाह’ घ्यावा असे कोणालाही सुचेल. त्याला आधारही चांगला आहे, कारण वैदिक सत्रांत, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या यज्ञांत, सहा दिवसांचा ‘षडह’ हे एककच होते आणि गवामयन या वर्षभराच्या सत्रात असे पाच षडह मिळून तीस दिवसांचा महिना भरत असे. परंतु मराठी घरात ‘दशाह’ म्हटले की दहावा आठवतो, घाटावरचा पिंड आणि कावळ्याची वाट आठवते. तुमच्या नायिकेने प्रियकराला ‘पुढच्या दशाहात भेटू’ असे सांगितले तर वाचक दचकेल. त्यापेक्षा धाकट्या चंद्राचा ‘फेरा’ म्हणावे. ‘दोन फेऱ्यांनी येतो’, ‘फेऱ्याचा बाजार’ असे प्रयोग तोंडात सहज बसतात आणि शब्दात आकडा नसल्याने तो कधी खोटाही पडत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. तिथीविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहायला हवे. आपली तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला जो वेळ लागतो ती तिथी, आणि चंद्राची गती सारखी नसल्यामुळे ती साधारण १९ ते २६ तासांची असते. म्हणूनच सूर्योदयाला न सापडणाऱ्या तिथीचा क्षय होतो आणि दोन सूर्योदयांना सापडणारीची वृद्धी. तुमच्या थोरल्या चंद्राच्या ३६ दिवसांत तीसच तिथी बसवल्या तर प्रत्येक तिथी सव्वा दिवसाच्या जवळ जाईल आणि दर पाच-सहा दिवसांनी एक वृद्धी करावी लागेल. त्याऐवजी दहा-दहा अंशांच्या ३६ तिथी धराव्यात. पक्ष अठरा तिथींचा होईल, म्हणून ‘पंधरवडा’ सोडावा लागेल. ‘पक्ष’ मात्र राहील, कारण पक्ष म्हणजे पंख आणि पंखांना आकडा नसतो. चतुर्दशीनंतर पौर्णिमा न येता पंचदशी, षोडशी, सप्तदशी येतील. ‘वद्य षोडशीला लढाई झाली’ या वाक्याला मराठी वाचक हसेल, त्याला इलाज नाही. तिथे ‘सोळावी’ असे साधे लिहावे.

वाढीव महिन्याला ‘अधिक मास’ म्हणायला हरकत नाही, कारण तुमचे गणित आपल्यासारखेच चालते. आपले बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे असतात, सौरवर्षाशी दरवर्षी सुमारे ११ दिवसांचे अंतर पडते आणि ते भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. तुमचे अकरा महिने ३९६ दिवसांचे, तूट चार दिवसांची, म्हणजे नवव्या वर्षी बरोबर एक महिना साठेल. परंतु शास्त्रातल्या नावावर थांबू नये. आपल्याकडे अधिक मासाला लोकांनी ‘धोंड्याचा महिना’ केले, जावयाला अनारसे दिले आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हणही घडवली. तुमच्याकडे हा महिना बारावा असेल. नऊ वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या महिन्याचा सारा कोणी द्यायचा, चाकराला त्याचा पगार मिळतो की नाही, यावरून तिथली माणसे काय बोलतील हे ठरले की नाव आपोआप सापडेल.

महिन्यांची नावे घडवताना आणखी एक कसोटी लावावी. मराठीत महिन्याचे नाव चालवावे लागते. श्रावणात, श्रावणी सोमवार, आषाढी एकादशी ही रूपे नव्या नावाला घेता आली पाहिजेत. ‘थोराण’ असे नाव ठेवले तर ‘थोराणात’, ‘थोराणी जत्रा’ सहज होते. ‘एल्वू’ असे ठेवले तर विभक्ती लावतानाच जीभ अडते. शिवाय भाद्रपदाचा भादवा झाला, आषाढाचा आखाड झाला आणि फाल्गुनाला सणावरून शिमगा म्हणू लागले. एखाद्या महिन्याला पोथीतले एक आणि शेतातले दुसरे नाव दिलेत तर ते जग जुने वाटू लागेल.

तिसरा प्रतिसाद

वर्षगणनेविषयी थोडेसे. ‘शक’ हे मूळचे लोकांचे नाव, पण मराठीत त्याचा अर्थ ‘कालगणना’ असा स्थिरावला. म्हणून तर ‘शककर्ता’ म्हणता येते आणि १६७४ मध्ये, म्हणजे शके १५९६ मध्ये, राज्याभिषेक शक सुरू होऊ शकला. तेव्हा ‘शक’ बिनदिक्कत वापरावा. मात्र एकाच राज्यात एकच गणना असावी हा आग्रह नको. मराठी कागदांत शालिवाहन शकाबरोबर शुहूर सनही चालत असे. तो मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बदले, आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिले जात. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात १०७५. हे वर्ष राज्याभिषेकाच्याच सुमारास सुरू झाले. तुमच्या जगात देवळाची एक आणि सारावसुलीची दुसरी गणना ठेवावी.

सणाच्या रात्रीला ‘जोडपुनव’ हा शब्द सुचवतो. परंतु तुमचे आकडे पूर्ण असतील तर एक घोटाळा आहे. जोडपुनवेपासून मोजले तर थोरल्याची अमावास्या १८, ५४, ९० अशा सम दिवशीच पडते आणि धाकट्याची ५, १५, २५ अशा विषम दिवशीच. त्या एकत्र कधीच येणार नाहीत. ५४ आणि ५५ इतक्या जवळ येतील, पण एका रात्रीचा फरक राहीलच. ‘अमा’ म्हणजे एकत्र आणि ‘वास्या’ म्हणजे राहणे; सूर्याच्या घरी तुमचे दोन्ही चंद्र एकाच दिवशी मुक्कामाला येत नाहीत.

प्रश्नकर्ता

हिशेब दोनदा करून पाहिला आणि तो बरोबर आहे. दोन्ही अमावास्या एका रात्री आणल्या तर दोन्ही पौर्णिमा कधीच एकत्र येत नाहीत, हेही त्यातून कळले. पहिले प्रकरण पूर्ण लिहून झाले आहे आणि सणाचे अजून एकही वाक्य लिहिलेले नाही. म्हणून ‘फेरा’, ‘पक्ष’ आणि ‘शक’ ठेवतो, आणि सण ‘जोडअवसे’चा करतो, त्या रात्री दिवे लावायचे की विझवायचे, तेवढे ठरवायचे आहे.