विषय: बोटीवरचा फ्रिज थंड होईना

मंडळी, नमस्कार.

गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेल्या शिडाच्या बोटीवरचा फ्रिज डोकं खातोय. १२ व्होल्टचा, बीडी३५ कॉम्प्रेसर, वरून झाकण उघडायची पेटी. इथे अमेरिकेत ॲनापोलिसच्या धक्क्याला बोट बांधलेली असते तेव्हा छान चालतो. चेसापीकच्या उपसागरात कुठे नांगर टाकून रात्र काढली की सकाळी दूध नासलेलं. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: गॅस गेलाय, भरून देतो. पुढच्या शनिवारी मंडळातल्या आठ जणांना फिरवायचंय आणि हिने सगळ्यांना श्रीखंड कबूल केलंय. यातलं कुणाला काही कळतं का?

---

अरे बोटवाल्या,

नाशकाहून लिहितोय. इथे सकाळचे सहा, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ. जेवण झालं असेल तर टॉर्च घेऊन बोटीत उतर. आमच्याकडे समुद्र नाही. बोटी बघायच्या तर गंगापूर धरणावर, आणि आज गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्याही कमरेला पाणी लागलंय. पण पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे तोडलेला माल झटपट गार करण्यात, माझी हयात गेली. पाणी गोडं असो की खारं, गारव्याचं गणित तेच.

गॅस अजिबात भरू देऊ नकोस. उत्तर तूच लिहिलंयस. धक्क्याला चालतो, नांगरावर नाही. गॅस कमी असता तर दोन्हीकडे सारखाच रडला असता. धक्क्यावर चार्जर चालू, साडेतेराच्या आसपास व्होल्ट मिळतात. नांगर टाकलास की बारा-साडेबारा, आणि पहाटेपर्यंत आणखी खाली.

मल्टिमीटर घे. बॅटरीवर नाही, कॉम्प्रेसरला चिकटलेल्या कंट्रोलरच्या प्लस-मायनसवर काड्या लाव आणि कॉम्प्रेसर उठतो त्या क्षणी आकडा बघ. कॉम्प्रेसर बंद असतानाचं नुसतं उभं व्होल्टेज बघून काही कळत नाही. आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की बॅटरी वाचवायला हा कंट्रोलर स्वतःच बंद होतो, थोड्या वेळाने पुन्हा उठून बघतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, चालू तर आहे की! ‘डी’ टर्मिनलला एलईडी जोडलेला असेल तर तो लुकलुकून सांगतो. एकदा म्हणजे व्होल्टेज, दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खातोय, तीनदा म्हणजे मोटर उठतच नाही, पाचदा म्हणजे कंट्रोलर तापला. पाच आले तर आधी कंडेन्सरवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ झाड आणि त्याच्यासमोर कोंबलेली शिडं काढ.

मग वायर. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो. सहाची घातलीस तर ०.१५. आणि हे सगळे जोड चकचकीत असतील तेव्हाचं, खाऱ्या हवेतले नव्हे.

एवढं करून व्होल्टेज चांगलं निघालं तर कंट्रोलरच्या ‘सी’ आणि ‘टी’वरच्या थर्मोस्टॅटच्या वायरी काढून ती दोन टर्मिनल आपसात जोड. कॉम्प्रेसर उठला तर थर्मोस्टॅट गेलाय. गॅसचा संशय सगळ्यात शेवटी, आणि तोही पेटीतला गार होणारा पत्रा बघून. अर्धा-पाऊण तास चालल्यावर एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कोरडा, तर गॅस कमी. सगळीकडे सारखा पांढरा, तर ठीक. जादा भरला की परतीच्या नळीवर बाहेरपर्यंत बर्फ येतो. एवढ्याशा यंत्रात गॅस ग्रॅमवर मोजून भरतात, अंदाजाने नाही.

ऐन मार्चमध्ये एका पॅकहाउसवर तीनदा गॅस भरून झाला होता. क्रेट बाहेर तापतायत, मालक घिरट्या घालतोय. शेवटी सापडलं काय, तर कॉन्टॅक्टरचा, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, एक पॉइंट जळून काळा पडलेला. पहिल्या दोन वेळा गॅस भरणारा मीच होतो.

— नाशिकचे काका

---

काकांच्या मेलला माझी पुरवणी. पेटीच्या तळाला पाणी जायचं भोक आहे का बघा. थंड हवा जड, ती तिथून रात्रभर खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, ओघळते. आमच्या बोटीवर नळीला ‘यू’सारखं वळण दिलं. त्यात पाणी साठून राहतं आणि हवा अडते.

— ताई

---

काका, ताई,

बॅटरीवर १२.५. कंट्रोलरवर उभ्याने १२.३. कॉम्प्रेसर उठताना ९.९! पॅनेलमागे आधीच्या मालकाने टेपने गुंडाळलेला जोड होता. टेप सोडला तर हातात हिरवी पूड आली आणि वायरचे दोन-तीन केसच काय ते शिल्लक. कथील चढवलेली सहाची वायर बॅटरीपासून सलग ओढली. आता उठताना १२.१. काल मुद्दाम नांगर टाकून झोपलो. सकाळी दह्याच्या डब्याशेजारी ठेवलेल्या थर्मामीटरवर ४ अंश.

ताई, भोकही निघालं. बिल्जमध्ये नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरली तर धूर खाली ढकलला जात होता. वळण दिलं.

---

बिल्जमध्ये उदबत्ती?? बोटीवर प्रोपेनची शेगडी आहे ना तुमच्या? तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तिथेच जाऊन बसतो. पुढच्या वेळी नळीशी टिशू पेपरची पट्टी धरा, कृपा करून.

— ताई

---

ताईंनी झापलं म्हणून मी झापत नाही.

श्रीखंड आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये पार तळापर्यंत गार कर, मगच बोटीवर ने. द्राक्षातही आम्ही आधी सहा-आठ तासांत शेतातली ऊब काढून गर ४ अंशांच्या खाली आणतो, मग माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. तुझी पेटी गार राखेल, पण आठ जणांचं कोमट श्रीखंड गार करणं तिच्या ताकदीबाहेरचं. कोमट बिअरचे डबेही त्याच हिशोबात धर.

आणि तो हिरवा जोड फेकू नकोस. जवळून फोटो काढून पाठव, इथल्या आयटीआयच्या पोरांना दाखवायचाय.

— काका