'ट्रॅव्हलर'ची खरी गोडी जहाजाच्या हप्त्यात आहे

माहीमचा खलाशी

रविवारी मेगाब्लॉकमुळे दोघं तासभर उशिरा पोचले, पण एकदा 'ट्रॅव्हलर'चा डाव मांडल्यावर दिवेलागणीपर्यंत कोणी उठलं नाही. निघताना एकाने विचारलं, "जादू नाही, ड्रॅगन नाही, पात्राची पातळी वाढत नाही. तुला यात एवढं काय सापडतं?" चपला घालता घालता नीट सांगता आलं नाही, म्हणून धागा काढतोय.

नवख्यांसाठी थोडक्यात: हा मार्क मिलर यांचा विज्ञानकथेचा भूमिकाखेळ, गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ साली काढलेला. एक जण रेफरी, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीच्यांनी आपापलं पात्र बोलायचं. दोन साधे फासे टाकायचे, बेरीज त्या कामाला ठरलेल्या आकड्याइतकी किंवा वर गेली की काम झालं. आम्ही जुन्या नियमांनीच खेळतो.

आता हिशोब बघा. पात्रं कर्ज काढून अंतराळात मालवाहतूक करणारं जहाज घेतात. दोनशे टनी 'फ्री ट्रेडर' जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट (खेळातलं चलन). वीस टक्के आधी भरायचे, मग ४८० महिने दरमहा १,५४,५००. अंतराळातली एक उडी आठवडा खाते, पुढचा आठवडा बंदरात माल शोधण्यात जातो, म्हणजे महिन्याला दोनच फेऱ्या. जहाजात माल मावतो ८२ टन, भाडं टनाला हजार. दोन्ही फेऱ्या गच्च भरल्या तरी मालाचे १,६४,०००. हप्ता गेला की हातात साडेनऊ हजार. पगारी पायलट ठेवला तर त्याचेच सहा हजार, आणि इंधन अजून भरायचंय!

इथून पुढे रेफरीला खलनायक आणावा लागत नाही. शुद्ध इंधन टनाला ५००, अशुद्ध १००, पण अशुद्ध भरलं तर उडी भलतीकडे जाऊ शकते. आमच्या टेबलावर या एका प्रश्नावर पाऊण तास भांडण झालं. इतकं खरं भांडण मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेलं नाही.

बोरिवली स्लो

अजिबात पटलं नाही. मी रोज बोरिवली-चर्चगेट करतो, पाच तारखेला घराचा हप्ता कापला जातो. आठवड्यातून एक दिवस मिळतो, त्यातही वही उघडून कर्ज फेडत बसू? मला त्या दिवशी तलवार हवी, आकाश हवं.

दुसरं म्हणजे पात्र घडवतानाच ते मरतं, हा कुठला न्याय? अठराव्या वर्षी नोकरीला लावा, चार-चार वर्षांचा एकेक टप्पा काढा, दर टप्प्याला जगण्याचं दान टाका. माझा नौदल अधिकारी तिसऱ्या टप्प्यात गेला. त्याला नाव दिलं होतं, धाकटी बहीण दिली होती. कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सहाबाजू

मरणाबद्दल तुमच्याशी सहमत. मॉन्गूज या प्रकाशकाच्या २००८ च्या आवृत्तीत ते दान हुकलं तर पात्र मरत नाही, अपघात होऊन नोकरी सुटते. मी तोच नियम घेतो.

पण खलाशीबुवा, हप्ता हे वरवरचं कारण झालं. मला धरून ठेवतो तो वेळ. या विश्वात प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा संदेशच नाही, बातमी जहाजातूनच जाते. आजोबा लालबागला गिरणीत होते, आजी मालवणला. गावाकडचं पत्र हातात पडेपर्यंत त्यातलं आजारपण बरं तरी झालेलं असायचं, नाहीतर सगळं आटोपलेलं असायचं. आमच्या डावात एका ग्रहावर युद्ध संपल्याची बातमी आम्हीच घेऊन उतरलो, आणि तिथे अजून भरती चालू होती. अंतर म्हणजे काय, हे त्या दिवशी टेबलावर सगळ्यांना कळलं.

कांजूरचा रेफरी

वातावरण मान्य, पण वाढीचं काय? जुन्या नियमांत कौशल्य वाढायला खेळातली वर्षं जातात, आणि चौतिशीपासून वयाची दानं सुरू होऊन ताकद उतरायला लागते. मी कॉलेजच्या पोरांना खेळवतो. सहा रविवार खेळून कागदावर एकही आकडा हलला नाही, तर सातव्या रविवारी ती येत नाहीत. हा दोष खेळाचाच आहे, पोरांना बोल लावू नका.

माहीमचा खलाशी

कांजूरचा रेफरी, कागदावर नाही हलत, खरं आहे. कुठे हलतं ते सांगतो.

पैसे कमी असणारे प्रवासी हजार क्रेडिटमध्ये गोठून झोपून येतात. उतरताना प्रत्येकासाठी दान टाकायचं, ५ किंवा वर आलं तर तो जागा होतो. आमच्या एका फेरीला एक म्हातारी होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. रेफरीने तिला दोनच वाक्यं दिली होती. फासे माझ्या हातात होते. तीन आणि एक. आमच्या डॉक्टरचं कौशल्य १ होतं. २ असतं तर एक वाढून मिळाला असता आणि ती उठली असती. जास्त शिकलेला डॉक्टर आम्हीच नको म्हटला होता, पगार वाचवायला. वर पंखा फिरत होता आणि कोणी बोलत नव्हतं. लेक बंदरावर उभी होती, तिला सांगायला माझं पात्र गेलं. पुढच्या बंदरात आम्ही चांगला डॉक्टर घेतला आणि त्यासाठी दोन टन माल तोट्यात विकला.

बोरिवली स्लो, घराचा हप्ता मीही भरतो. तिथे मला काही ठरवायचं नसतं, पैसे आपोआप जातात. इथे प्रत्येक हप्त्याला काहीतरी ठरवावं लागतं.

बोरिवली स्लो

म्हातारीचं वाचून थांबलो. वहीखात्याबद्दल मत तेच आहे. पण एक विचारतो, स्काउटच्या, म्हणजे टेहळणीच्या नोकरीतल्या पात्राच्या, जहाजाला म्हणे हप्ता नसतो?

माहीमचा खलाशी

नसतो. निवृत्तीच्या लाभात फाशावर ६ पडले तर शंभर टनी जहाज मिळतं. मात्र स्काउटला दर टप्प्याला जगायला ७ लागतात. सहनशक्ती ९ किंवा वर नसेल तर ३६ पैकी १५ दानं मरणाची. रविवारी अकराला या, माहीम पश्चिमेला उतरा. फासे मी देतो.