मदत हवी आहे: म्हाताऱ्या मांजरीची जाड, काळपट नखं घरी कशी कापावीत?

आमची मनी 14 वर्षांची आहे. पूर्वी अंगणातल्या आंब्यावर नखं घासायची, त्यामुळे कापायची वेळच यायची नाही. आता बहुतेक वेळ झोपून असते. नखांवरची जुनी टरफलं गळत नाहीत, पुढच्या पंजांची नखं जाड झालीत आणि चादरीत अडकतात. खरी काळजी अंगठ्याच्या नखाची वाटते. ते जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही आणि आता वळून पंजाच्या गादीकडे चाललंय.

पांढऱ्या नखात आतला गुलाबी, रक्ताचा भाग दिसतो, तो सोडून टोक कापायचं, हे ठाऊक आहे. पण मनीच्या नखात उजेडाला धरूनही काही दिसत नाही. मग किती कापायचं? आणि कटर कोणता घ्यावा?

आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते आणि मनी झोपते तिच्याच मांडीवर, म्हणून हे टाळून चालणार नाही. नखं कायमची काढून टाका, असं मात्र कृपया सुचवू नका. त्यात बोटाच्या टोकाचं हाडच तोडतात.

प्रतिसाद १
ताई, आधी ते अंगठ्याचं नख नीट बघा. गादीत रुतलं असेल, सूज किंवा वास असेल, तर घरी हात लावू नका, डॉक्टरांकडेच न्या. रुतलं नसेल तर कात्रीसारखा, धारदार कटर घ्या. भोकात नख घालायचा प्रकार वळलेल्या नखाला नीट बसत नाही.

काळपट नखाचं फक्त वाकडं टोक काढायचं, 1 ते 2 मिमी, बस्स. या वयात सांधे दुखतात, म्हणून पाय बाहेर ओढू नका. ती झोपाळलेली असताना, पाय आहे तिथेच ठेवून, बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं. एका वेळी एक-दोन नखं झाली तरी पुष्कळ. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून काही मिनिटं दाबून धरा, सारखं पुसून पाहू नका.

आणखी एक. म्हातारपणी नखं जाड होतातच, पण भूक वाढूनही वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

प्रतिसाद २
आईंना ओरखडा लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. मनी घरातलीच असली तरी रेबीजच्या लसीचं विचारा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. नख अजून गादीला टेकलेलं नाही, आत्ताच पाहिलं. पण वजनाचं वाचून धस्स झालं. ती वाटी चाटूनपुसून खाते आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. थायरॉइडच्या तपासणीला उपाशीपोटी न्यावं लागतं का?